लिस्बनमधली बालदी

घरमालकीण सत्तरीची असावी. तिला इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला पोर्तुगीज येत नव्हतं. ग्रासाच्या टेकडीवर एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरचं तिचं घर आम्ही तीन रात्रींसाठी घेतलं होतं. एकेका वस्तूला हात लावून, तिचं नाव घेत ती आम्हाला घर सोपवत होती. दाराशी उभं राहून तिने किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. ‘शाव्ह.’ मग न्हाणीघरात जाऊन बेसिनखालची निळी प्लास्टिकची बादली बाहेर ओढली आणि नळ गळतो, रात्री ही खाली ठेवा, असं हातांनीच सांगितलं. ‘बाल्द,’ ती म्हणाली.

माझ्यामागे उभ्या असलेल्या मुक्ताने माझा कुर्ता ओढला. ‘आई, ही बालदी म्हणाली! आजी म्हणते तसं!’

हे ती मराठीत म्हणाली, म्हणून मी वळून तिच्याकडे बघत राहिले. मुक्ता आठ वर्षांची आहे. आम्ही उत्रेख्तला राहायला आलो तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळतं, पण गेली दोन-तीन वर्षं ती उत्तर डचमध्ये देते. त्यात हट्ट नाही की राग नाही. शाळा, मैत्रिणी, भांडणं, स्वप्नं सगळं डचमध्ये चालतं, आणि मराठी म्हणजे रविवारी फोनवर आजीशी बोलायची भाषा. तिचं बघून चार वर्षांचा ईशानही तसंच करायला लागला आहे. मी कधी रागावले नाही. रागावून भाषा येत नाही हे मला कळतं. पण जेवताना चौघांतले दोघं एका भाषेत विचारतात आणि दोघं दुसऱ्या भाषेत उत्तरं देतात, तेव्हा घास घशात अडकतो, हेही खरं.

आजी म्हणजे माझी आई. तिचं माहेर वसईचं, सासर नाशिकचं. पन्नास वर्षं नाशकात काढूनही तिने ‘बादली’ म्हणायचं मनावर घेतलं नाही. ती बालदीच म्हणते. त्या रात्री मी मुक्ताला सांगितलं की पोर्तुगीज लोक वसईत दोनशे वर्षं होते, गोव्यात साडेचारशे, आणि त्यांचे पुष्कळ शब्द आपल्या घरात राहून गेले आहेत. चावी हा त्यांचाच शब्द. पिंप, घमेलं, फीत, हेही. ‘अजून?’ ती म्हणाली. मी म्हटलं, उद्या तूच शोध. तिने पाठीवरच्या सॅकमधून वही काढली आणि पहिल्या पानावर तिच्या वाकड्यातिकड्या देवनागरीत ‘बालदी’ आणि ‘चावी’ लिहिलं. ‘ब’चा काना कुठून द्यायचा ते तिने मला विचारलं.

दुसऱ्या दिवसाची माझी यादी वेगळीच होती. अठ्ठावीस नंबरची ट्राम, साओ जॉर्जचा किल्ला, संग्रहालय, सांता जुस्ताची उंच लोखंडी लिफ्ट. त्यातलं जवळजवळ काहीच झालं नाही. ट्रामला एवढी गर्दी होती की आम्ही दोन ट्राम सोडून दिल्या आणि चालत निघालो. बाबागाडी घरीच ठेवली होती. लिस्बनचे पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या बसाल्टच्या छोट्या-छोट्या चौकोनी दगडांचे आहेत, हाताने एकेक ठोकून बसवलेले. पावलांनी झिजून ते इतके गुळगुळीत झाले आहेत की उतारावर मोठ्या माणसाचाही पाय सरकतो. ईशान कधी बाबाच्या, म्हणजे अनिकेतच्या, खांद्यावर होता, कधी जमिनीवर उकिडवा बसून दगडांच्या फटीत बोट घालत होता. मोठ्यांनी शहर वर मान करून बघावं आणि चार वर्षांच्या मुलाने खाली बघून, अशी त्या दिवशी वाटणीच झाली होती. सुटलेला एक काळा दगड त्याने उचलून खिशात घातला. अनिकेतने तो परत ठेवायला लावला, तेव्हा त्याने तो जागच्या जागी, अगदी नीट बसवला.

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे मुक्ताचा खजिना उघडला. खोक्यांवर खडूने नावं लिहिली होती आणि ती रोमन लिपी वाचत, प्रत्येक शब्द तोंडात घोळवून बघत होती. बताता. बटाटा! अनानाश. अननस! पपाया. कोव्ह म्हणजे कोबीचाच भाऊबंद. काजू तर काजूच. दुकानदाराला काय चाललंय ते कळेना, पण ही मुलगी त्याच्या भाज्यांवर एवढी खूश का आहे, याचं त्याला कौतुक वाटलं असावं. त्याने ईशानच्या हातावर दोन चेरी ठेवल्या. आंब्याच्या पाटीवर ‘मांगा’ होतं. मी सांगितलं की हा शब्द उलटा गेला, मलबारातून इकडे. मुक्ताने वहीत मधोमध रेघ मारून दोन रकाने केले. एकावर लिहिलं ‘आले’, दुसऱ्यावर ‘गेले’.

शेजारच्या कॅफेच्या फळ्यावर ‘पेरू’ होतं. पेरूचं सँडविच! दोघांनाही ते हवंच होतं. पण चित्रात पेरू नव्हता, टर्की पक्षी होता. पोर्तुगीजमध्ये पेरू म्हणजे तो पक्षी. आपल्याकडे त्याच उच्चाराचं नाव त्यांनी आणलेल्या फळाला चिकटलं. मुलांचा विरस झाला, पण मुक्ताने तो शब्दही लिहून घेतला आणि पुढे कंसात पक्षी काढला. चहा मात्र हवा तसा मिळाला. तिथे चहाला ‘शा’ म्हणतात, लिहिताना च ने सुरू होणारा. भोवतालचा पश्चिम युरोप ‘टी’, ‘टे’ म्हणत असताना एवढा एक देश आपल्या बाजूला आहे, हे मला त्या टेकडीवर फार जवळचं वाटलं.

जूनचे पहिले दिवस होते. तेराव्या तारखेला संत अँथनीचा सण असतो, त्याची तयारी आल्फामाच्या बोळांतून चालली होती. दोन खिडक्यांमधून रंगीत कागदी माळा, दारात सार्डिन भाजायच्या शेगड्या, आणि पायऱ्यांवर छोट्या कुंड्यांमधून बारीक पानांची, चेंडूसारखी गोल छाटलेली रोपं. त्यांना मांजेरीकू म्हणतात. कुंडीत एक कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली असते. प्रेमात पडलेल्यांनी एकमेकांना द्यायची ही भेट. ईशान नाक लावायला वाकला तर विकणाऱ्या बाईने घाईने त्याला थांबवलं. नाकाने नाही. तिने आपला तळवा रोपावरून अलगद फिरवला आणि तो त्याच्या नाकापाशी धरला. ‘तुळस,’ ईशान म्हणाला. ती तुळस नव्हे, पण तिच्याच कुळातली. नाशिकच्या घरी अंगणातल्या वृंदावनापाशी माझी आई दिवा लावून झाल्यावर नेमका असाच पानांवरून हात फिरवते आणि तो डोळ्यांना लावते. ईशान तिथे दोनदाच गेला आहे. मुलं कुठे काय साठवून ठेवतात ते आपल्याला कळत नाही.

दुपारी कार्मोच्या मठात गेलो. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेलं हे चर्च आज छपराविना उभं आहे. दगडी कमानींच्या फासळ्या तशाच आहेत आणि त्यांच्यामधून थेट निळं आकाश दिसतं. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी लिस्बनला प्रचंड भूकंप झाला. सर्व संतांचा सण होता, लोक चर्चमध्ये होते, मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. चर्चं लोकांवर कोसळली. जे धावत नदीकाठी मोकळ्यावर गेले त्यांच्यावर समुद्राची लाट आली, आणि जे उरलं ते आगीने कित्येक दिवस जाळलं. कार्मोचं छप्पर तेव्हा पडलं. पुढे दुरुस्ती सुरू झाली, पण पुरी झाली नाही, आणि मग ते तसंच ठेवायचं ठरलं.

‘पाऊस आला तर देव भिजत नाही?’ ईशानने विचारलं. बाबा म्हणाला, भिजतो.

मला तिथे उभं राहून किल्लारी आठवलं. ३० सप्टेंबर १९९३. मी तेव्हा मुक्ताएवढी होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, रात्री उशिरापर्यंत विसर्जनं, आणि पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं दगडमातीच्या घरांखाली गेली. आमच्या गल्लीत कपडे आणि भांडी गोळा झाली होती. आईने स्टीलचे सहा पेले दिले होते, नवे, वेष्टनातले. सणाच्या दिवशी माणसं एकत्र येतात, दमून निर्धास्त झोपतात, आणि नेमकी तेव्हाच जमीन हलते; यात देवाचा हात कुठे शोधायचा, हा प्रश्न त्या भूकंपानंतर सगळ्या युरोपने एकमेकांना विचारला होता. आमच्या गल्लीनेही विचारला होता.

मुलांना मात्र पुढचा भाग आवडला. पोंबालच्या मार्किसने, म्हणजे राजाच्या मंत्र्याने, बायशा हे खालचं शहर सरळ, रुंद रस्त्यांचं नव्याने उभं केलं आणि घरांच्या भिंतींत लाकडी तुळयांचा पिंजरा घातला, भूकंपात घर डोलेल पण कोसळणार नाही असा. त्याचा नमुना बांधून भोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं आणि घर टिकतं का ते बघितलं, असं सांगतात. मग बायशाच्या रस्त्यांवरून आमचे दोन सैनिक पाय आपटत निघाले. रोसियू चौकात फरशीवर काळ्या-पांढऱ्या लाटा आहेत, त्या नजरेला खरंच हलत्या वाटतात. तिथे दोघं दमेपर्यंत लाटांवरून उड्या मारत होते आणि आम्ही कारंज्याच्या कठड्यावर बसून डब्यातल्या पोळ्यांचे रोल खाल्ले.

बेलेंला जाणारी पंधरा नंबरची ट्राम लांब आणि नवी आहे. खिडकीतून मधूनच नीलमोहर दिसत होता, फुलांनी जांभळा झालेला. आल्कांतारापाशी वरून लाल झुलता पूल जातो. तो १९६६ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं; १९७४ च्या क्रांतीनंतर त्या क्रांतीची तारीखच त्याला दिली, पंचवीस एप्रिल. त्या दिवशी लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांमध्ये कार्नेशनची फुलं खोचली होती, हे मी सांगितलं तेव्हा ईशानला फूल खोचल्यावर बंदूक वाजते का ते जाणून घ्यायचं होतं. गोवा आपल्याकडे आला १९ डिसेंबर १९६१ ला. पण पोर्तुगालने ते मान्य केलं ते या फुलांच्या क्रांतीनंतरच, १९७४ अखेर. हे मी मुलांना नाही, अनिकेतला सांगितलं. तो बराच वेळ पुलाकडे बघत होता.

बेलेंला उतरल्यावर समोरच बागेत उंच खांबावर आफोंसो द आल्बुकेर्कचा पुतळा आहे. मुक्ताने वही काढली. मी म्हटलं, याच्या नावातून हापूस आला असं म्हणतात. आफोंसो, आपूस, हापूस. ती हरखून वर बघायला लागली, खांबावरच्या त्या दाढीवाल्या माणसाकडे, जणू त्याच्या हातात आंब्याची पेटीच आहे.

आता थांबावं की पुढे बोलावं, हे मला त्या क्षणी ठरवता येईना. सकाळपासून पोरगी मराठीत बोलत होती. एकेक शब्द वेचत, माझा हात धरून. ते मला कशानेही विसकटायचं नव्हतं. आणि तरी त्या पुतळ्याखाली नुसता हापूस सांगून पुढे जाणं मला जमेना. मी तिला सांगितलं की याच माणसाने १५१० मध्ये गोवा लढून घेतलं आणि जिंकल्यावर शहरातल्या मुसलमानांची कत्तल करायला लावली. ‘कत्तल म्हणजे?’ तिने विचारलं. मी सांगितलं. तिने वहीतला ‘हापूस’ खोडला नाही, पण वही मिटून सॅकमध्ये टाकली.

झेरोनिमोसच्या मठाची रांग ऊन्हात लांबलचक होती, म्हणून आम्ही फक्त त्याच्या चर्चमध्ये गेलो. आत शिरताच थंडावा. खांब माडासारखे सरळ वर जातात आणि छताला झावळ्यांसारखे फुटतात. दगडातच दोरखंड, गाठी, समुद्रातली कवचं कोरलेली. राजा मानुएलने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हे बांधायला घेतलं आणि आफ्रिका व पूर्वेकडच्या व्यापारातला विसावा हिस्सा त्यासाठी लावला. त्या व्यापारातूनच हे खांब उभे राहिले; मिरी, दालचिनी, लवंग यांवरचा कर तेवढा थेट राजाकडे जाई. एवढं सुंदर दगडकाम मी क्वचित पाहिलं आहे, आणि सुंदर आहे हे म्हणताना मला संकोच वाटत नाही. ज्यांच्या छिन्नीतून ते उतरलं ते गवंडी काही मलबारात गेले नव्हते.

ईशान गाभाऱ्याकडे धावला आणि तिथून ओरडला, ‘हत्ती!’ राजाराण्यांच्या थडग्यांखाली संगमरवरी हत्ती आहेत, पाठीवर मरण तोलून धरणारे. त्याने सगळे मोजले. मग ते दमले असतील का, हे त्याने बाबाला विचारलं, आणि बाबा त्याला घेऊन तिथेच बाकावर बसला.

मी आणि मुक्ता दाराजवळ होतो. तिथे वास्को द गामाचं थडगं आहे. दगडी माणूस उताणा निजलेला, हात जोडलेले. थडग्यावर जहाज कोरलेलं. लोक रांगेने फोटो काढत होते. शाळेत आम्हाला एवढंच होतं: २० मे १४९८, वास्को द गामा कालिकतला पोहोचला. रिकाम्या जागा भरा.

‘हा चांगला होता का?’ मुक्ताने विचारलं.

मी म्हटलं, हा फार धाडसी होता. समुद्राचा एवढा लांब रस्ता त्याच्या जहाजांनी पार केला, अर्ध्याहून जास्त माणसं वाटेत गेली. आणि दुसऱ्या खेपेला, १५०२ मध्ये, मक्केहून यात्रा करून परत येणारं एक जहाज त्याने अडवलं, लुटलं आणि माणसांसकट जाळलं.

‘त्यात मुलं होती?’

होती. बायका आपली मुलं वर उचलून दाखवत होत्या. वीसेक मुलांना आधी उतरवून घेतलं होतं, हेही मी सांगितलं. त्यांना पाद्री करायला नेलं, हे नाही सांगितलं. आठ वर्षांच्या मुलीला किती सांगायचं, याचं माप कुणी आखून दिलेलं नसतं. तिच्या चेहऱ्याकडे बघत बघत एकेक वाक्य टाकावं लागतं. ती त्या जोडलेल्या हातांकडे बघत होती. डोळे भरले नव्हते, पण खालचा ओठ दातात धरला होता.

बाहेर आल्यावर अनिकेत म्हणाला, ‘आठ वर्षांची आहे गं ती.’ मी म्हटलं, त्या जहाजावरची मुलंही तेवढीच असतील. तो त्यावर काही बोलला नाही, आणि त्याला माझं पटलं असंही नाही. मला आजही वाटतं की मी सांगितलं ते बरोबर केलं. ज्या माणसाच्या थडग्यापाशी मूल आपण होऊन चांगल्या-वाईटाचं विचारतं, तिथे त्याला फक्त तारीख देणं म्हणजे त्याला फसवणं.

त्यानंतर मिठाईचं दुकान. १८३७ पासून चालू असलेलं, निळ्या-पांढऱ्या टाइल्सचं. मठ बंद झाले तेव्हा तिथल्या साधूंची पाककृती बाहेर आली, ती आजही गुपित ठेवली आहे म्हणतात. पापुद्र्यांची वाटी, आत अंड्याचं दाटसर गोड सारण, वरून जळके डाग. टेबलावर पिठीसाखर आणि दालचिनीच्या डब्या. मुक्ताने दालचिनी हातात घेतली, वास घेतला, आणि न घालता बाजूला ठेवली. ईशानने भरपूर घातली.

मठाच्या घंटा वाजल्या तेव्हा आम्ही समोरच्या बागेतून नदीकडे चाललो होतो. मुक्ता एकदम म्हणाली, ‘आजीची घंटा!’

नाशकात गोदावरीच्या काठी नारोशंकराचं मंदिर आहे, १७४७ चं. त्याच्या तटावर, नदीकडे तोंड करून एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती वसईच्या चर्चमधली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा तिथल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना वाहिल्या. वाईजवळ मेणवलीला आहे, भीमाशंकरला आहे. गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कुठवर चढलं ते बघतात आणि मग नजर या घंटेकडे जाते. घंटेपर्यंत पाणी म्हणजे महापूर. माझी आई तिला ‘माझ्या माहेरची’ म्हणते. लहानपणी आम्हाला कितीतरी वर्षं वाटायचं की ती घंटा आईच्या रुखवतातून आली.

मी मुक्ताला हे पुन्हा सांगितलं, यावेळी पूर्ण. ती ऐकत चालली, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘मग आपण त्यांची घंटा परत दिली का?’

‘नाही.’

‘आणि बटाटा? बालदी? ते आपण परत द्यायचं का?’

मला उत्तर आलं नाही. नदीकाठच्या स्मारकासमोर फरशीवर जगाचा मोठा नकाशा आहे, रंगीत दगडांचा, आणि पोर्तुगीज जहाजं कुठे कधी पोहोचली ती वर्षं त्यावर घातली आहेत. ईशान लिस्बनवर उभा राहिला आणि आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानापर्यंत पळत गेला. त्याला वीस पावलंही लागली नाहीत. मुक्ता नकाशाच्या कडेवरच उभी राहिली.

तिला परत माणसात आणलं ते गेंड्याने. बेलेंच्या बुरुजाच्या कोपऱ्यांना टेहळणीच्या छोट्या दगडी घुमट्या आहेत आणि त्यातल्या एका घुमटीखाली, आधाराला, गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. पाचशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने त्याचं शिंग गेलं आहे. अनिकेतने कॅमेऱ्याची भिंग लांबवून ते दोघांना दाखवलं आणि गोष्टही त्यानेच सांगितली. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने आल्बुकेर्कला एक जिवंत गेंडा भेट दिला. १५१५ च्या जानेवारीत तो गोव्याहून जहाजावर चढवला आणि २० मेला इथेच, हा बुरुज बांधला जात होता तिथे, उतरला. हो, पुन्हा २० मे. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळून गेला. जर्मनीतल्या न्युरेंबर्गला ड्यूरर नावाच्या चित्रकाराने तो न बघता, नुसत्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून लाकडावर कोरला, चिलखत घातल्यासारखा. आणि पोर्तुगीज त्याला काय म्हणत? गांदा.

‘गेंडा!’ मुक्ता म्हणाली. वही बाहेर आली. ‘गेले’च्या रकान्यात ‘मांगा’खाली तिने ‘गेंडा’ लिहिलं.

‘मग तो परत गेला?’ ईशानने विचारलं.

अनिकेतने माझ्याकडे बघितलं. राजाने तो पोपला भेट म्हणून पाठवला, वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं, आणि गेंडा साखळीने बांधलेला होता. अनिकेतने ते सगळं सांगितलं, साखळीसकट. ईशान हमसून रडला. त्याला कडेवर घेऊन बाबा काठाकाठाने लांबवर चालत गेला आणि बऱ्याच वेळाने दोघं परत आले तेव्हा ईशानच्या मुठीत वाळू होती.

साडेसहा वाजता, तिथल्याच हिरवळीवरून, आम्ही आजीला फोन लावला. नाशकात अकरा वाजले होते. ती जागीच होती. ‘अजून ऊन आहे तुमच्याकडे?’ तिला ते दरवेळी नवं वाटतं. मुक्ताने वही उघडून सगळी यादी वाचून दाखवली, एक शब्द आला की आजीच्या ‘हो का’ची वाट बघत. आजी म्हणाली, ‘नाताळ लिहिलास? आमच्या शेजारी कुपारी, म्हणजे वसईतले ख्रिस्ती, राहायचे, त्यांच्याकडून नाताळात ताट यायचं.’ नाताळ लिहिलं. ‘आणि पगार? आणि तुरुंग?’ तेही लिहिलं.

मग मुक्ताने विचारलं, ‘आजी, आपण ती घंटा परत का नाही दिली?’

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं फोन तुटला.

‘मी लग्न होऊन आले ना,’ आई म्हणाली, ‘तेव्हा मला इथे कुणी ओळखीचं नव्हतं. बोलणं वेगळं, जेवण वेगळं. पहिल्या सोमवारी सासूबाईंनी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, नेलं आणि ही घंटा दाखवली, वसईची म्हणून. मला इतकं बरं वाटलं बघ. म्हटलं, माझ्या गावचं कुणीतरी आहे इथे.’

‘पण तिला घरी जायचं असेल तर?’

‘असेलही,’ आजी म्हणाली. ‘मी उद्या जाते आणि विचारून येते.’

रात्री ग्रासाचा चढ चढताना दोघंही झोपली. एक अनिकेतच्या खांद्यावर, एक माझ्या. तीन मजले चढून मी मुक्ताला पलंगावर टाकलं, बूट काढले. न्हाणीघरातला नळ गळतच होता. बालदी खाली सरकवून दिवा घालवला. पहाटे कधीतरी तिने मला हलवून जागं केलं. ती उठून आली होती, अंधारात माझ्या उशाशी उभी, अर्धवट झोपेत.

‘आई, बालदी भरली,’ ती म्हणाली, आणि माझ्या पांघरुणात शिरली.